मोठा विश्वास नेमका कुणाचा? (एपिसोडचं लिखित रूप)

कुणी बसमध्ये असाल, कुणी ऑफिसच्या कॅबमध्ये, कुणी भांडी घासताना इअरफोन लावले असतील. कुठेही असा, पुढची पंधरा-वीस मिनिटं सोबत राहा. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

आजचा विषय आहे नम्रता आणि विश्वास. ऐकल्यावर वाटतं, हे तर संडे स्कूलपासून ऐकतोय. पण मला आज एकच प्रश्न घ्यायचा आहे. आपण सहज म्हणतो ना, "अमुक काकूंचा विश्वास फार मोठा आहे", "माझा विश्वास कमी पडतो". हा मोठा आणि कमी मोजायचा कशानं? किलोनं? किती तास प्रार्थना केली त्यावरून? की डोळ्यांत किती पाणी आलं त्यावरून?

शुभवर्तमानांत बघितलं तर येशू शिष्यांना बऱ्याचदा म्हणतो की तुमचा विश्वास अल्प आहे. शिष्यांना! जे चोवीस तास त्याच्यासोबत होते त्यांना. आणि "तुझा विश्वास मोठा" अशी शाबासकी कुणाला मिळते? मोजून दोघांना. एक शताधिपती आणि एक कनानी बाई. आज या दोघांकडेच बघू.

कफर्णहूमचा माणूस

ही गोष्ट मत्तयच्या आठव्या अध्यायात आणि लूकच्या सातव्या अध्यायात आहे. ठिकाण कफर्णहूम, गालील समुद्राच्या उत्तर काठावरचं मासेमारीचं गाव. पेत्राचं घर इथलंच. इथे जकात नाकाही होता, मत्तय तिथूनच उठून येशूच्या मागे गेला. आणि याच गावात एक सैन्याधिकारी राहत होता. शताधिपती म्हणजे नावाप्रमाणे शंभरांचा प्रमुख. प्रत्यक्षात त्याच्या हाताखाली बहुतेक ऐंशीच्या आसपास शिपाई असायचे. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. तो यहूदी नव्हता, एवढं नक्की.

त्याचा एक चाकर मरायला टेकलाय. लूक सांगतो की हा अधिकारी स्वतः येत नाही, यहूद्यांच्या वडीलजनांना येशूकडे पाठवतो. आता हे वडीलजन काय करतात बघा. ते त्याचा सीव्हीच वाचून दाखवतात. म्हणतात, हा माणूस लायक आहे, याच्यासाठी एवढं कराच. याचं आपल्या लोकांवर प्रेम आहे, आपलं सभास्थान यानंच बांधून दिलंय. म्हणजे सरळ शिफारस. आपल्याकडे नाही का, "साहेब, आपला माणूस आहे, मंडळीला पंखे यानंच दिले, जरा बघा."

येशू निघतो. घर जवळ आलेलं असताना शताधिपती मित्रांना पुढे पाठवतो. निरोप वेगळाच: प्रभू, त्रास घेऊ नका, तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी लायकी नाही. तुम्ही फक्त शब्द बोला, माझा चाकर बरा होईल.

एकाच माणसाबद्दल, एकाच दिवशी, दोन शेरे. गाव म्हणतं लायक. तो म्हणतो लायक नाही. आणि येशूला आश्चर्य कशाचं वाटतं? सभास्थान बांधल्याचं नाही, या निरोपाचं. तो गर्दीकडे वळून म्हणतो की असा विश्वास मला इस्राएलातसुद्धा दिसला नाही.

एक गंमत सांगतो. लूकच्या वृत्तांतात येशू आणि शताधिपती यांची भेटच होत नाही. निरोप येतात, निरोप जातात. ज्याच्या विश्वासाचं एवढं कौतुक झालं, त्यानं त्या दिवशी येशूचा चेहराही पाहिला नाही!

"मी पण एक अधिकारी आहे"

आता त्याच्या निरोपातला पुढचा भाग. माझ्यासारख्या आयटीवाल्याला तो लगेच कळतो. तो म्हणतो, मी स्वतः वरच्यांच्या अधिकाराखाली आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. एकाला जा म्हटलं की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटलं की तो येतो.

मी हिंजवडीत बसून काम करतो. आमचे सर्व्हर कुठल्या शहरात आहेत, ते मी कधी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. सर्व्हर अडकला तर मी तिथे जात नाही. लॅपटॉपवरून एक ओळीची कमांड जाते आणि शेकडो किलोमीटरवरचं मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं. का? मी जोरात टाइप केलं म्हणून? नाही. एंटरचं बटण कितीही आपटलं तरी परवानगी नसेल तर स्क्रीनवर येतं, "परवानगी नाकारली". कमांडची ताकद आवाजात नसते, अधिकारात असते. आणि तो अधिकार माझा स्वतःचा नसतो. मी ज्यांच्या अधिकाराखाली काम करतो, त्यांच्याकडून तो येतो. उद्या मी नोकरी सोडली की त्याच बोटांनी तीच कमांड टाइप केली तरी काही हलणार नाही.

शताधिपतीला हेच ठाऊक होतं. माझा शिपाई माझ्या दंडांना घाबरून जात नाही, माझ्यामागे सत्ता उभी आहे म्हणून जातो. मग त्यानं येशूकडे पाहिलं आणि हिशेब जुळवला: या माणसामागे कोण उभं आहे? ज्याच्यामागे देव उभा आहे, त्याला रोग्याच्या खाटेपर्यंत चालत यायची गरज काय?

इथे एक सावधगिरी. उदाहरण इथवरच चालतं. या गोष्टीत कमांड देणारा येशू आहे, शताधिपती नाही. तो फक्त विनंती करतोय. पण हल्ली काही ठिकाणी उलटंच शिकवतात: तुम्ही ठासून बोला, हक्कानं घोषणा करा, देवाला करावंच लागेल. म्हणजे एंटर जोरात दाबा! शताधिपतीनं हुकूम द्यायच्या सवयीचा माणूस असूनही येशूला हुकूम दिला नाही.

तर त्याचा विश्वास मोठा कशामुळे? मला वाटतं, त्याची नजर स्वतःच्या विश्वासावर नव्हतीच. "माझा विश्वास किती पक्का आहे बघा" असं एक अक्षर त्याच्या निरोपात नाही. स्वतःबद्दल तो एवढंच म्हणतो की मी लायक नाही. येशूबद्दल म्हणतो की तुमचा एक शब्द पुरे. पहिलं वाक्य म्हणजे नम्रता, दुसरं म्हणजे विश्वास. पण खरं तर ही एकाच श्वासातली वाक्यं आहेत. स्वतःवरची नजर उचलली, तेव्हाच ती येशूवर गेली.

कॅथलिक मंडळीतले जे मित्र ऐकतायत, त्यांना हे ओळखीचं वाटलं असेल. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी सगळी मंडळी मिळून जी प्रार्थना म्हणते, तिचा उगम याच शताधिपतीच्या निरोपात आहे. एका परक्या शिपाईगड्याचे शब्द आज जगभर प्रभूच्या मेजापाशी म्हटले जातात!

नम्रता म्हणजे मान खाली घालणं नाही

इथे थांबून एक महत्त्वाची गोष्ट बोलायची आहे, नाहीतर गैरसमज होईल.

हा शताधिपती सत्तेतला माणूस होता. पैसा होता, शिपाई होते, गावात मान होता. "मी लायक नाही" हे त्याला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही, ते तो स्वतः येशूसमोर म्हणतोय. फरक लक्षात घ्या. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आज्या-आजोबांना "तुम्ही लायक नाही, इथे पाणी भरू नका, या उंबऱ्याच्या आत येऊ नका" हे दुसऱ्यांनी सांगितलं. त्याला नम्रता म्हणत नाहीत, त्याला अन्याय म्हणतात. कुणी बायबल हातात घेऊन तुम्हाला गप्प बसवत असेल, मग तो ऑफिसातला मॅनेजर असो, सासर असो की मंडळीतला कुणी पुढारी, तर त्यांनी मागितलेल्या गोष्टीचं नाव नम्रता नाही.

म्हणून दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. मत्तयचा पंधरावा अध्याय. येशू सोर आणि सीदोनच्या बाजूला गेलाय, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्याकडे. तिथे एक कनानी बाई ओरडत मागे येते. तिच्या मुलीला भुतानं छळलंय. येशू आधी उत्तरच देत नाही. शिष्य म्हणतात, हिला घालवा. मग येशू म्हणतो की मला इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलंय. ती पाया पडते. आणि मग ते वाक्य येतं, जे वाचताना आजही पोटात कालवतं: मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? अर्धे रागानं निघून गेले असते, अर्धे रडत. ती यातलं काहीच करत नाही. ती वाद घालते! म्हणते, खरंय प्रभू, पण मेजाखाली पडलेला चुरा तर कुत्रीही खातात ना. हजरजबाबी उत्तर आहे हे. तिनं येशूचंच उदाहरण उचललं आणि त्यातच आपल्या मुलीसाठी जागा काढली. जणू ती म्हणतेय, मी कोण आहे याची चर्चा नंतर करू. तुमच्या मेजावर एवढं आहे की खाली सांडलेल्यातही माझी पोरगी बरी होईल.

येशू म्हणतो, बाई, तुझा विश्वास मोठा.

म्हणजे नम्रता मुकी नसते. ती दार ठोठावते, प्रश्न विचारते, हट्ट धरते. फक्त तिच्या हट्टाचा पाया "माझा हक्क आहे" हा नसतो, "तू चांगला आहेस" हा असतो.

आता दोघांना शेजारी ठेवा. दोघंही परके. दोघंही स्वतःसाठी मागत नाहीत, एक चाकरासाठी, एक मुलीसाठी. दोन्ही वेळा येशू रोग्याजवळ गेला नाही, दुरूनच बरं केलं. आणि दोघांनाही स्वतःचं मोठेपण सिद्ध करायची घाई नव्हती.

याच्या उलट नासरेथ बघा. येशू जिथे लहानाचा मोठा झाला ते गाव. मार्कच्या सहाव्या अध्यायात तिथले लोक म्हणतात, हा तर सुतार, याची आई, याचे भाऊ आम्हाला माहीत आहेत. शुभवर्तमानांत येशूला आश्चर्य वाटल्याचं दोनच प्रसंगांत सांगितलंय. एकदा या शताधिपतीच्या विश्वासाचं, आणि एकदा नासरेथकरांच्या अविश्वासाचं. ज्यांना "आम्हाला सगळं माहीत आहे" असं वाटत होतं, त्यांच्याकडे विश्वासाला जागाच उरली नव्हती. जन्मापासून मंडळीत वाढलेल्या माझ्यासारख्यांनी हे जरा जपून वाचावं.

"विश्वास कमी पडतोय"

आता थोडं घरचं. माझे पप्पा डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. तिसरं वर्ष चालू आहे. मागच्या वर्षी एका प्रार्थनासभेत एकानं, हेतू चांगलाच असेल, आईला सांगितलं, "ताई, प्रभू बरं करायला तयार आहे, तुमचा विश्वास कमी पडतोय."

आई घरी आली आणि दोन दिवस नीट जेवली नाही. वहीत लिहीत बसली होती, कुठे चुकलं, कुणाबद्दल मनात राग आहे, कुठल्या उपासाला चहा प्यायला. पप्पांच्या किडनीचा हिशेब ती स्वतःच्या वहीत शोधत होती.

मित्रांनो, हे वाक्य किती जणांनी ऐकलंय? नोकरी जाते तेव्हा, लग्न ठरत नाही तेव्हा, मूल होत नाही तेव्हा. या वाक्यानं काय होतं? विश्वास ही कमाई होते. एक टार्गेट होतं. ज्याचं पूर्ण झालं तो फुगतो, ज्याचं झालं नाही तो मोडतो. दोघंही स्वतःकडेच बघत बसतात. येशूकडे कुणीच बघत नाही.

त्या शनिवारी आम्ही दोघांनी मार्कचा नववा अध्याय वाचला. तिथेही एक बाप आहे, मुलगा आजारी. तो येशूला म्हणतो, तुमच्यानं काही होत असेल तर करा. "तर"! शंका उघड आहे. आणि पुढे तो रडत कबूल करतो की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाला तुम्हीच मदत करा. शंभर टक्के तर सोडाच, पासिंगचे मार्क तरी मिळतील का अशी अवस्था. मुलगा बरा झाला. कारण भार बापाच्या विश्वासावर नव्हताच, ज्याच्याकडे तो आला होता त्याच्यावर होता.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे हेही त्यालाच सांगायचं का, की मला जमत नाही म्हणून?"

मी म्हटलं, "हो आई. तेच सांगायचं."

तिनं वही मिटली आणि भाजी निवडायला घेतली.

पप्पा बरे झाले का? नाही. परवाच्या सोमवारीही आम्ही सकाळी सहाला हॉस्पिटलच्या लाइनीत होतो. मग या सगळ्याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. पौलानं शरीरातल्या एका काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, या अर्थाचं उत्तर मिळालं. खुद्द येशूनं गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत कोण करेल?

विश्वास म्हणजे निकाल आधीच माहीत असणं नाही. निकाल कुणाच्या हातात आहे ते माहीत असणं. आणि तो हात माझा नाही, हे कबूल करणं म्हणजे नम्रता.

केडगावची एक बाई

आपल्याच महाराष्ट्रातलं एक नाव घेतो, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. लहानपणीच संस्कृत शिकल्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सीव्ही म्हणाल तर असा, की वाचणाऱ्यानं उठून उभं राहावं.

एवढ्या विद्वान बाईनं काय केलं? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार बायका आणि मुली आणल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. पुढे शेकडो जणी तिथे राहिल्या. रोजचं धान्य कुठून येणार याची खात्री नसताना देवावर भरवसा ठेवून ते घर चाललं. पण हातावर हात ठेवून नाही बरं का! शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. भरवसा आणि घाम एकत्रच होते.

आणि मग त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. कुणासाठी? साध्या बायकांना कळावं म्हणून. ज्यांना पंडितांनी पदवी दिली, त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं सोपी वाक्यं लिहिण्यात घालवली. शताधिपतीसारखंच झालं हे. लोक लायकीचा कागद वाचत होते आणि त्या दुसरीकडेच बघत होत्या.

१९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ला, रमाबाई गेल्या. तोवर भाषांतराचं काम त्यांनी पूर्ण केलं होतं. एवढ्या विश्वासाच्या बाईला एवढं दुःख का, याचं उत्तर माझ्या खिशात नाही. पण "तुमचा विश्वास कमी पडला" हे उत्तर नाही, एवढं मी छातीठोक सांगतो.

या आठवड्यात करून बघा

नेहमीप्रमाणे तीन छोट्या गोष्टी.

एक. प्रार्थनेची सुरुवात शताधिपतीच्या दोन गोष्टींनी करा: मी कोण, आणि तू कोण. मागणं त्यानंतर. मागणं छोटं झालं तरी चालेल.

दोन. या आठवड्यात एक तरी प्रार्थना पूर्णपणे दुसऱ्या कुणासाठी करा. त्या दोघांनी तेच केलं होतं. घरकाम करणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, टीममधून नुकताच काढला गेलेला मित्र. आणि जमलं तर फोनही करा. शताधिपतीनं चाकरासाठी नुसती काळजी केली नाही, माणसं पाठवली.

तीन. आजारी किंवा अडचणीतल्या माणसाला "विश्वास ठेवा" एवढंच सांगून निघू नका. डबा घेऊन जा. बाजूला बसा. त्यांचा विश्वास थकला असेल तर त्या दिवसापुरता तुम्ही त्यांच्यासाठी धरून ठेवा. छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडणारे ते चौघं आठवा. येशूनं खाटेवरच्या एकट्याचा नाही, त्या सगळ्यांचा विश्वास पाहिला.

चला, एक छोटी प्रार्थना करू. गाडी चालवत असाल तर डोळे उघडे ठेवा हं!

प्रभू येशू, आमच्याकडे दाखवण्यासारखं काही असलं तरी आज ते बाजूला ठेवतो. आमचा विश्वास किती आहे ते तुला ठाऊक आहे. कमी असेल तर तोही तुझ्याच हाती देतो. ज्यांची नावं आत्ता आमच्या मनात आहेत, त्यांच्यासाठी तू फक्त शब्द बोल. आणि उत्तर आम्हाला हवं तसं नसेल, तेव्हा आमचा हात सोडू नकोस. आमेन.

पुढच्या एपिसोडमध्ये एका श्रोत्यानं पाठवलेला प्रश्न घेणार आहोत: माफ केलं, पण विसरता येत नाही, मग ती माफी खरी का? तुमचंही म्हणणं कळवा. हा भाग घरच्या ग्रुपवर पाठवायचा तर जरूर पाठवा, पण त्याआधी ज्याला आज याची गरज आहे अशा एकाच माणसाला पाठवा.

काळजी घ्या. सलाम.